काळ्या कागदावरचा नायक

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा रात्रीशी जुना व्यवहार आहे. थ्री फेज वीज रात्रपाळीला आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला शेतकरी निघतो. चैत्रात एका गावचा खेळ आटोपून दुसऱ्या गावच्या यात्रेकडे तमाशाचा फड निघतो. पहाटेच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या जातात. आणि या सगळ्यांच्या वाटेत बिबट्या कधी आडवा जाईल याचा नेम नसतो. इथल्या अंधारात कामे असतात, करमणूक असते आणि भीतीही असते. म्हणून फक्त रात्रीच बाहेर पडणाऱ्या एका काल्पनिक नायकाविषयी इथे लिहिणे आम्हाला अस्थानी वाटत नाही. तो नायक परदेशी आहे, कार्टूनमधला आहे आणि त्याची मालिका तीस वर्षांहून जुनी आहे, एवढ्यावरून काही वाचक पान उलटतील. पण सुटीत मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेताना ती नेमके काय पाहत होती हे बघायची तसदी आपण क्वचितच घेतो. या मालिकेच्या निमित्ताने ती घ्यावी.

‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज’ ही मालिका ५ सप्टेंबर १९९२ रोजी अमेरिकेत फॉक्स वाहिनीवरच्या मुलांच्या कार्यक्रमांत सुरू झाली. शाळा सुटल्यावर घरी आलेल्या मुलांनी बघावी अशी तिची मुख्य वेळ. एकेक भाग जाहिराती वगळता साधारण २२ मिनिटांचा. १९९५पर्यंत असे ८५ भाग झाले. बॅटमॅन हे पात्र त्याआधी अर्धशतकभर लोकांच्या ओळखीचे होते. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी १९३९मध्ये ते चित्रकथांच्या मासिकात आणले. लहानपणी आई-वडिलांचा डोळ्यांदेखत खून झालेला ब्रूस वेन हा गडगंज घरातला मुलगा मोठेपणी वटवाघळाचा वेश चढवून गॉथम या गुन्हेगारीने पोखरलेल्या शहरात रात्री फिरतो, एवढीच मूळ गोष्ट. १९६६ ते १९६८ या काळात ॲडम वेस्ट या नटाला घेऊन तिच्यावर एक दूरचित्रवाणी मालिका निघाली. ती भडक रंगांची, मिश्कील, जवळजवळ फार्सच. १९८९मध्ये टिम बर्टनचा काळोखा, गंभीर चित्रपट आला, तुफान चालला, आणि त्या यशाचा फायदा उठवायला वॉर्नर ब्रदर्सने कार्टून मालिका काढायचे ठरवले. जन्म धंद्याच्या हिशेबातून झाला. त्यात लपवण्यासारखे काही नाही. तमाशाचा फडही सुपारीवरच चालतो.

आपल्याकडे ही मालिका केबलमधून आली. त्याआधीच्या काळात घरावरची अँटेना सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्राच्या दिशेला वळवायला एकजण कौलांवर चढलेला आणि खालून बाकीचे ‘आलं, आलं... गेलं’ असे ओरडतायत, हा रविवार सकाळचा ठरलेला देखावा होता. त्या पडद्यावर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘ही-मॅन’ आणि ‘स्पायडरमॅन’ दिसले, १९९३मध्ये जपानी चित्रकारांनी केलेले ‘जंगल बुक’ हिंदीत आले. १९९५मध्ये कार्टून नेटवर्क भारतात सुरू झाले आणि १९९९पासून त्यावरची पात्रे हिंदी बोलू लागली. मंचर, नारायणगाव, ओतूर अशा बाजारपेठेच्या गावांत केबल आधी आली. भीमाशंकर आणि नाणेघाटाकडच्या वाड्यावस्त्यांना बरीच वाट पाहावी लागली. योगायोग असा की त्याच दशकात खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहत होत्या. एकाच खोऱ्यात आभाळाकडे तोंड केलेल्या दोन तऱ्हेच्या थाळ्या होत्या. एकीला दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या रेडिओलहरी हव्या होत्या, दुसरीला कार्टून.

मालिकेचे पहिले वैशिष्ट्य कागदाचे आहे. कार्टूनमध्ये पात्रांच्या मागे दिसणारी घरे, रस्ते, आकाश ही चित्रे त्या काळी हाताने रंगवली जात, आणि ती पांढऱ्या कागदावर रंगवायची पद्धत होती. ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की या दोघांनी मालिका उभी केली, त्यातल्या रॅडोम्स्की यांनी कागदच काळा घेतला. काळ्या कागदावर रंगवायचे म्हणजे उजेड जिथे पडतो तेवढेच रंगवायचे: खिडकीची चौकट, दिव्याखालचा फुटपाथ, इमारतीची एक कड. बाकीचे काळेच राहू द्यायचे. उलट पद्धतीत चित्रकार आधी सगळे उजळ दाखवतो आणि मग त्यावर सावल्या टाकतो. या मालिकेत अंधार आधीपासून आहे आणि उजेड मोजून आणलेला आहे. बघणाऱ्या मुलाला यातले तंत्र कळत नाही, पण या शहरात काय काय दिसत नाही याची जाणीव त्याला सतत राहते. कोपऱ्यात कोण उभे आहे हे त्याला स्वतःच्या मनाने ठरवावे लागते, आणि एकदा मूल असे मनाने काम करू लागले की ते त्या गोष्टीत अडकले म्हणून समजावे.

टिम यांची पात्रेही अशीच कमी रेषांत बसवलेली. चौकोनी जबडा, त्रिकोणी धड, कपड्यांना चुण्या नाहीत, चेहऱ्यावर नको ती रेघ नाही. याला सौंदर्याइतकेच व्यवहाराचे कारण होते. मालिकेची प्रत्यक्ष चित्रे जपान-कोरियातल्या वेगवेगळ्या स्टुडिओंत काढली जात. आकृती जितकी साधी तितकी ती शंभर हातांतून बिनबोभाट पार पडते. १९४०च्या दशकात फ्लायशर स्टुडिओने केलेल्या सुपरमॅनच्या लघुपटांचा धडा त्यांनी समोर ठेवला होता. गॉथम शहरही त्यांनी कोणत्या एका काळाचे ठेवले नाही. मोटारी १९४०च्या थाटाच्या, पोलिसांची गस्त फुग्यासारख्या हवाई जहाजातून, घरातला टीव्ही काळा-पांढरा, आणि बॅटमॅनच्या गुहेत संगणक. जे त्या वर्षीचे आधुनिक म्हणून दाखवले जाते ते दहा वर्षांत हास्यास्पद होते. ही मालिका जुनाट दिसत नाही याचे बरेचसे श्रेय या शहाणपणाला जाते. सुरुवातीच्या एका मिनिटात तर मालिकेचे नावसुद्धा पडद्यावर येत नाही. वीज चमकते, छतावर आकृती दिसते, संपले. ज्याला ओळखायचे तो ओळखतो.

आवाजाचा भाग मात्र तमाशाच्या मुलखात अधिक चांगला समजेल. कार्टूनचे नट बहुधा वेगवेगळ्या वेळी येऊन आपापली वाक्ये बोलून जातात आणि ती मागाहून जोडली जातात. इथे आवाजांच्या दिग्दर्शिका अँड्रिया रोमानो होत्या, आणि त्यांच्याकडे नटांना शक्यतो एकाच खोलीत बसवून ध्वनिमुद्रण होई. बतावणी रंगते ती सोंगाड्याच्या वाक्यामुळे जेवढी, तेवढीच समोरच्याने ते वाक्य कसे झेलले यामुळे. झेलणारा समोर नसेल तर विनोद खाली पडतो. मार्क हॅमिल यांचा जोकर हसायला लागतो तेव्हा त्या हसण्यात समोरच्या माणसाचा अंदाज घेणे ऐकू येते. केव्हिन कॉनरॉय यांनी ब्रूस वेनला एक आवाज दिला आणि बॅटमॅनला दुसरा. त्यातली खुबी अशी की मोकळा, खेळकर, श्रीमंत ब्रूसचा आवाज हा बनवलेला वाटतो आणि मुखवट्यामागचा खालचा, संथ आवाज खरा. वेश कोणता आणि माणूस कोणता, हा प्रश्न लेखकाने एकही वाक्य न लिहिता केवळ घशातून उभा केला. कॉनरॉय २०२२च्या नोव्हेंबरमध्ये वारले; तोपर्यंत तीस वर्षे कितीतरी मालिकांत आणि खेळांत बॅटमॅन म्हटले की तोच आवाज होता. संगीताची मुख्य जबाबदारी शर्ली वॉकर यांची. साध्या सिंथेसायझरवर काम भागले असते, पण भागाभागासाठी वाद्यवृंदाचे संगीत रचले गेले. मुलांचा कार्यक्रम आहे, चालून जाईल, हे वाक्य त्या स्टुडिओत फारसे उच्चारले गेले नसावे.

आता बंधनांविषयी. मुलांच्या वेळेतली मालिका असल्याने वाहिनीच्या नियमावलीचा काच मोठा होता. रक्त दाखवायचे नाही, माणूस मरताना दाखवायचा नाही, गळा आवळायचा नाही. ‘रॉबिन्स रेकनिंग’ या दोन भागांच्या कथेत बॅटमॅनचा तरुण साथीदार रॉबिन लहानपणी अनाथ कसा झाला हे सांगायचे होते. त्याचे आई-वडील सर्कशीत झुल्यावर कसरती करणारे. खंडणीखोराने दोर आधीच कुरतडून ठेवलेला. दृश्यात झुला प्रेक्षकांवरून पुढे जातो, चौकटीबाहेर निघून जातो, आणि परत येतो तेव्हा नुसता तुटलेला दोर असतो. खाली पडणे नाही, किंकाळी नाही, मृतदेह नाही. नियमावलीने हात बांधले नसते तर हे दृश्य इतके अंगावर आले असते का, याची आम्हाला शंका आहे. याच कथेच्या पहिल्या भागाला सर्वोत्तम ॲनिमेशन कार्यक्रमाचा प्राइमटाइम एमी पुरस्कार मिळाला, आणि तो मोठ्यांच्या कार्यक्रमांशी टक्कर देऊन.

पण लोक ही मालिका आठवतात ती बहुतेक खलनायकांमुळे. ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग घ्या. मिस्टर फ्रीझ हा मूळ चित्रकथेतला बिनमहत्त्वाचा बदमाश. हातात बर्फ फेकणारी बंदूक, बाकी काही नाही. पॉल डिनी या लेखकाने त्याला एक पूर्वायुष्य दिले. व्हिक्टर फ्राइज हा शास्त्रज्ञ, बायको असाध्य आजाराने जात चाललेली, उपाय सापडेपर्यंत तिला गोठवून ठेवण्याचा त्याचा प्रयोग कंपनीच्या प्रयोगशाळेत चालू. कंपनीचा मालक खर्च बघून वीज तोडायला येतो, झटापटीत फ्राइज रसायनांत फेकला जातो, आणि त्यानंतर थंडीबाहेर तो जगूच शकत नाही. ज्या मालकाने हे केले त्यालाच पुढे मानवतेच्या सेवेसाठी पुरस्कार मिळत असतो. बॅटमॅन फ्रीझला पकडतो, पण मालकाचे पितळही त्याच समारंभात उघडे पाडतो. शेवटी तुरुंगातल्या थंड कोठडीत फ्रीझ मनातल्या बायकोशी बोलत बसलेला असतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला यातून काय मिळते? ज्याने गुन्हा केला त्याला शिक्षा झाली पाहिजे आणि तरीही त्याची कीव येऊ शकते, या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरायची सवय. ही सवय पुष्कळ मोठ्यांनाही नसते. गावकीच्या भांडणात किंवा निवडणुकीच्या दिवसांत तिची किती उणीव भासते ते इथे सांगायला नको. या भागाच्या लेखनालाही एमी मिळाला.

दुसरे उदाहरण हार्ली क्विनचे. जोकरच्या टोळीत एका भागापुरती एक विदूषक बाई हवी होती म्हणून १९९२च्या सप्टेंबरमधल्या ‘जोकर्स फेवर’ या भागात ती आली आणि आर्लीन सॉर्किन यांच्या आवाजामुळे इतकी आवडली की पुढे मूळ चित्रकथांनाच तिला आत घ्यावे लागले. एरवी प्रवाह उलटा असतो, पुस्तकातून पडद्याकडे. आपल्या गवळणीत मावशीचे काम पुरुषाने करायचे आणि सोंगाड्याही पुरुषच. बाईच्या वाट्याला नाच, गाणे आणि अदा. हशा वसूल करायचा हक्क बाईला दिला तर काय होते याचे उत्तर त्या एका पात्रात आहे. हे सहज आठवले म्हणून लिहिले.

भीतीबद्दल मात्र सहज लिहून चालणार नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे फिरले, ऊस वाढला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले, आणि उसाच्या दाटीत बिबट्याच्या पिढ्या जन्मू लागल्या. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र निघूनही आता बरीच वर्षे झाली. ज्या घरातले माणूस बिबट्याने नेले त्या घरासमोर कार्टूनच्या गोष्टी करणे क्रूरपणाचे होईल, आणि पिंजरे, दिवसाची वीज, नुकसानभरपाई हे प्रश्न कोणत्याही कथेने सुटत नाहीत. पण या दोन तालुक्यांतली मुले अंधार पडल्यावर अंगणात जायला घाबरतात, आणि त्यांच्याशी त्या भीतीबद्दल कोण काय बोलते हा प्रश्नही खराच आहे. आई-बाप ‘काही होत नाही’ म्हणतात, जे मुलांना पटत नाही. मोबाइलवर कुणाच्या तरी ओट्यावरून कुत्रे उचलून नेणाऱ्या बिबट्याची सीसीटीव्हीची चित्रफीत फिरते, जी ती दहादा बघतात. ‘जंगल बुक’मधला बघीरा मोगलीचा सखा होता, तोही बिबट्याच, ती मैत्री उसाच्या बांधावर लागू पडत नाही.

पश्चिमेकडच्या महादेव कोळी समाजाने ही भीती फार पूर्वी हाताळली आहे. वाघोबाचे ठाणे रानाच्या कडेला असते, अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस होते, नैवेद्य दाखवला जातो. तो आहे, ताकदवान आहे, त्याची वाट वेगळी आणि आपली वेगळी, हे मुलांना दरवर्षी सांगितले जाते. घाबरू नको असे कुणी म्हणत नाही. बॅटमॅनच्या या मालिकेतही मुलाला घाबरू नको असे म्हटलेले नाही. नायक स्वतः लहानपणी गल्लीत अंधारात एकटा उरलेला पोरगा आहे आणि ती गल्ली त्याच्या डोक्यातून कधी जात नाही. भीती मान्य करून, तिची हद्द आखून, मग कामाला लागायचे, हा क्रम दोन्हीकडे सारखा आहे. कार्टूनवाल्यांनी तो कुठून घेतला हे शोधायची गरज नाही. लहान मुलांना खोटे सांगायचे नाही असे ठरवले की तिथेच पोचायला होते.

या मालिकेतला जो भाग नारायणगावात मुद्दाम दाखवावा असे आम्हाला वाटते तो ‘बिवेअर द ग्रे घोस्ट’. सायमन ट्रेंट हा म्हातारा नट. तरुणपणी दूरचित्रवाणीवर ‘ग्रे घोस्ट’ नावाचा मुखवटेवाला नायक करून त्याने नाव काढले. मालिका बंद पडली, आणि लोकांना त्याच्यात दुसरे काही दिसेना म्हणून त्याला काम मिळेना. आता घरभाडे थकले आहे. जपून ठेवलेला पोशाख आणि बाकीच्या वस्तू तो खेळण्यांच्या दुकानदाराला विकतो. इकडे गॉथममध्ये बॉम्बस्फोट सुरू होतात ते नेमके त्या जुन्या मालिकेतल्या एका भागासारखे. ब्रूस वेनला लहानपणी वडिलांबरोबर बघितलेला तो भाग अर्धवट आठवतो. शेवट बघायच्या आधी झोप लागली होती. स्टुडिओतल्या प्रती आगीत गेलेल्या. मग बॅटमॅन त्या म्हाताऱ्याच्या दारात येतो, कारण एक प्रत त्याच्याचकडे उरली आहे. म्हातारा आधी वैतागतो, हाकलतो, शेवटी पुन्हा तोच पोशाख चढवून मदतीला उतरतो. बॅटमॅन त्याला आपल्या गुहेत नेतो तेव्हा त्याला दिसते की ही गुहा ग्रे घोस्टच्या अड्ड्यावरून बेतलेली आहे. ट्रेंटचा आवाज ॲडम वेस्ट यांचा आहे. म्हणजे १९६०च्या दशकात बॅटमॅन झालेला आणि त्यानंतर त्याच भूमिकेच्या सावलीत काम शोधत राहिलेला नट आपलीच कहाणी बोलतो आहे, आणि नवा बॅटमॅन त्याला सांगतो आहे की माझे सगळे तुमच्यापासून सुरू झाले.

हे बघताना विठाबाई आठवणार नाहीत असा माणूस या परिसरात विरळा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, १९३५ साली जन्मलेल्या, भाऊ-बापू मांग यांच्या फडाच्या वारस. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, तमाशासम्राज्ञी म्हणून नाव झाले, खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्याची हकिगत आजही सांगितली जाते. आणि अखेरचा काळ हलाखीत, औषधपाण्याच्या विवंचनेत गेला. २००२च्या जानेवारीत त्या गेल्या. आता त्यांच्या नावाने राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. ट्रेंटच्या कथेत आणि या कथेत मोठा फरक आहे, आणि तो विसरता कामा नये: ट्रेंट नुसता बेकार झाला, विठाबाईंना टाळ्या वाजवणाऱ्या याच समाजाने जातीमुळे आणि पेशामुळे उंबऱ्याबाहेरही ठेवले. कार्टूनच्या भागाचा शेवट गोड आहे. जुनी मालिका पुन्हा बाजारात येते, ट्रेंट रांगेतल्या चाहत्यांना सह्या देतो. आम्हाला त्या गोड शेवटापेक्षा मधला एक व्यवहार महत्त्वाचा वाटतो. स्टुडिओकडे काही उरले नव्हते. जे वाचले ते कलावंताच्या घरातल्या पेटीत.

मालिकेत दोष नाहीत असे कुणी समजू नये. ८५ भागांतले काही केवळ भरतीचे आहेत. कोट्यधीशाने रात्री चोरट्यांना बडवत फिरावे आणि सकाळी शहर होते तसेच राहावे, या मूळ कल्पनेतच एक खोट आहे आणि मालिका ती अधूनमधूनच बोलून दाखवते. खेळणी विकणे हा अशा मालिकांचा उघड हेतू असतो. ग्रे घोस्टच्या भागात बॉम्ब पेरणारा निघतो तो खेळण्यांचा वेडा दुकानदार, आणि त्याला आवाज दिला आहे ब्रूस टिम यांनी. स्वतःच्या धंद्याला इतका चिमटा काढणारे निर्माते कमीच. शिवाय आपल्या मुलांनी ती बघितली ती हिंदीत. मराठी मुलांच्या दोन पिढ्या कार्टूनच्या निमित्ताने हिंदीत हसायला, हिंदीत घाबरायला शिकल्या. त्याचे खापर बॅटमॅनवर फोडता येणार नाही, पण नोंद ठेवली पाहिजे.

शिवनेरीच्या पायथ्याशी वाढणाऱ्या मुलाला नायक बाहेरून आणायची गरजच काय, असेही विचारले जाईल. १६३०मध्ये या गडावर ज्यांचा जन्म झाला त्यांच्याशी कुठल्या कार्टूनची बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. ऐतिहासिक पुरुषाचे चरित्र पुराव्यांनी बांधलेले असते आणि तसेच राहिले पाहिजे. त्याला मुलांसाठी उडायला लावले, हातातून वीज काढायला लावली, की जे त्याने माणूस म्हणून केले तेच लहान होते. कल्पित नायकाचे काम वेगळे. त्याच्याशी मूल भांडू शकते, तू हे चुकीचे केलेस असे म्हणू शकते, खाटेवरून त्याच्यासारखी उडी मारून गुडघा फोडून घेऊ शकते. मुलाला दोन्ही लागतात. अडचण एवढीच की पहिल्यासाठी आपल्याकडे गड आहे, पुस्तके आहेत, शाळेच्या सहली आहेत. दुसऱ्यासाठी आपण स्वतःचे म्हणावे असे फार थोडे केले.

आणि करायला माल नाही असेही नाही. वगांत राजे आहेत, दरोडेखोर आहेत, वेषांतर आहे, अन्याय झालेला आणि सुडाने पेटलेला माणूस आहे, आणि सगळ्यांची टिंगल करत खरे बोलणारा सोंगाड्या आहे. २२ मिनिटांच्या कथेला याहून जास्त काय लागते? पण आधी तो माल हाताशी हवा. यात्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. तेव्हा फडमालक, जुने सोंगाडे, ढोलकीवाले एका जागी सापडतात. जुन्नरच्या श्री शिवछत्रपती महाविद्यालयातली आणि मंचरच्या अण्णासाहेब आवटे महाविद्यालयातली मराठीची मुले त्या दिवसांत तिथे बसवावीत. वगांच्या वह्या ज्यांच्या घरी असतील त्यांच्या परवानगीने पानापानाचे फोटो घ्यावेत, ज्यांना संवाद तोंडपाठ आहेत त्यांचे आवाज उतरवावेत, मूळ वही मालकाला परत द्यावी आणि कलावंताला त्या दिवसाची बिदागी द्यावी. मोबाइल मुलांकडे आहेतच. बिदागीचा खर्च दोन्ही तालुक्यांतल्या ग्रंथालयांनी आणि यात्रा कमिट्यांनी वाटून घ्यावा. कमिटीच्या जमाखर्चात फटाक्यांच्या रकमेशेजारी त्याला एक ओळ पुरेल.